इन्फ्ल्यूएंझा लस : लष्करी समूहांतील तुलनात्मक परीक्षणे

इन्फ्ल्यूएंझा (फ्ल्यू) हा श्वसन तंत्राचा व्हायरसजन्य सांसर्गिक रोग होय. त्याच्या प्रतिबंधासाठी निरनिराळ्या प्रकारच्या लशी वापरतात. या लशींपैकी कोणती अधिक परिणामकारक आहे, हे ठरविण्यासाठी झालेल्या परीक्षणांपैकी काही सर्वांत मोठी परीक्षणे सैन्यांमध्ये झाली आहेत. सैनिक एकाच छपराखाली, दाटीने राहतात. त्यांचे वय, आहार आणि दिनक्रम बहुतांशी सारखे असतात. कोणास कोणत्या दिवशी लस टोचली व कोण केव्हा आजारी पडला, याची नोंद ठेवलेली असते. साथ आली म्हणजे ती बराकीत झपाट्याने पसरते आणि लशीचा गुण वा दोष थोड्या आठवड्यांतच उघड होतो. याच कारणांमुळे लष्करी समूह अशा तुलनेस सोयीचे ठरले आहेत. तथापि तेथे काढलेले निष्कर्ष सामान्य जनतेस कितपत लागू पडतात, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो.

लशींचे प्रकार : इन्फ्ल्यूएंझाच्या लशींचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणात वाढविलेला व्हायरस फॉर्माल्डिहाइडासारख्या द्रव्याने मारून अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) देतात. पूर्ण व्हायरस असलेली, व्हायरसाचे विभाजन करून बनविलेली आणि केवळ पृष्ठभागावरील प्रतिजने वेगळी काढून बनविलेली, असे या मृत लशीचे तीन उपप्रकार आहेत. दुसऱ्या वर्गात कमी तापमानात वाढण्याची सवय लावून क्षीण केलेला जिवंत व्हायरस नाकात फवारतात. असा व्हायरस नाकातील थंड भागात वाढतो, परंतु फुप्फुसांच्या उबेत त्याची वाढ होत नाही. अलीकडे अंड्याऐवजी प्राणिकोशिकांच्या संवर्धनात वाढविलेल्या व्हायरसापासून केलेली लस आणि जननिक तंत्राने केवळ प्रथिन निर्माण करून बनविलेली लस, या दोहोंची भर पडली आहे.

पूर्वपीठिका : बंदिस्त समूहात लस घेतलेल्यांची व न घेतलेल्यांची तुलना करण्याची पद्धत इन्फ्ल्यूएंझाच्या लशीहून जुनी असून तिचे एक प्रारंभीचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईतील आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर मुंबईत आलेल्या वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत प्लेगच्या सूक्ष्मजंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग उद्‌भवला. तेथील सु. १५० कैद्यांनी लस घेतली व सु. १७० कैद्यांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व त्यांपैकी ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना रोग झाला, परंतु मृत्यू एकही झाला नाही. दोन्ही गटांचे अन्न, निवास आणि काम सारखेच असल्याने हा फरक लशीमुळे पडला असे मानले गेले.

या पद्धतीतील उणीव लवकरच दाखविली गेली. अ‍ॅल्मरॉथ राइट यांची आंत्रज्वरावरील (टायफॉइडावरील) लस भारतातील व दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश सैनिकांस टोचण्यात आली होती. तिच्या आकडेवारीची छाननी कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९०४ मध्ये केली. स्वेच्छेने लस घेणारा सैनिक मुळातच अधिक सावध असू शकतो. तो पाणी उकळून पीत असेल, स्वच्छता पाळत असेल. मग त्याच्या बचावाचे श्रेय लशीस द्यावे की त्याच्या सावधपणास, असा त्यांचा आक्षेप होता. स्वेच्छेने पुढे येणाऱ्या सर्वांची नोंद करावी व त्यांतील एकाआड एकालाच लस द्यावी, म्हणजे तुलना न्याय्य होईल, असे त्यांनी सुचविले. पुढील शतकभरातील लष्करी परीक्षणांची कसोटी याच सूचनेने लावता येते.

मुंबई व १९१८ ची साथ : पहिल्या महायुद्धात मुंबई हे मेसोपोटेमियाकडे जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या फौजांचे प्रमुख बंदर होते. जून १९१८ मध्ये येथे इन्फ्ल्यूएंझाची पहिली लाट आली. १० जून रोजी रुग्णालयात दाखल झालेल्या सात पोलीस शिपायांपैकी एक गोदीवर नेमणुकीस होता. पाठोपाठ गोदीतील कामगार, व्यापारी पेढ्यांतील व तारखात्यातील नोकर, टांकसाळीतील व गिरण्यांतील कामगार आजारी पडू लागले. रोग सैनिकांच्या जहाजांतून शहरात आला, असे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे मत होते. जहाजांवरील लोकांनाच तो शहरातून लागला, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते.

पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र अत्यंत मारक ठरली व ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे धान्य महाग झाले होते आणि उपासमारीने शरीरे क्षीण झाली होती. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक लोक या रोगाने मेले. साऱ्या हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा ते दोन कोटी यांच्या दरम्यान आहेत.

रोगाचा व्हायरस सर्वांस एकच होता, परंतु मृत्यूचे प्रमाण समाजगटांनुसार फार वेगळे होते. मुंबई शहरात दर हजारी मृत्यू यूरोपियनांत ८·३, पारशांत ९, स्पृश्य हिंदूंत १८·९, मुसलमानांत १९·२ व त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या हिंदूंत ६१·६ होते. दाट वस्ती, अपुरे अन्न व शुश्रूषेचा अभाव ही या तफावतीची मुख्य कारणे मानली जातात. कुर्ल्यासारखी गावे त्या वेळी मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होती. कुर्ल्याचा समावेश बृहन्मुंबईत १९५० मध्ये झाला. त्यामुळे शहराच्या वरील आकड्यांत तेथील मृत्यू येत नाहीत. तथापि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा १८५३ चा लोहमार्ग कुर्ल्यावरून जात होता. १९१० पासून कुर्ला ते रे रोड हा बंदराच्या बाजूचा मार्गही सुरू झाला होता आणि स्वदेशी मिलसारख्या गिरणीमुळे तेथे कामगारांची दाट वस्ती झाली होती. बंदर, लोहमार्ग व गिरणी यांनी जोडलेल्या अशा वसाहतींतील राहणी दाटीच्या दृष्टीने बराकीसारखीच होती. फरक इतकाच की, बराकीतील माणसास पोटभर अन्न व वैद्य मिळत असे आणि त्याची गणना होत असे.

सूक्ष्मजंतूंच्या लशी : १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी वर्णिलेला दंडाकार सूक्ष्मजंतू हे इन्फ्ल्यूएंझाचे कारण होय, असा १९१८ मध्ये सर्वसाधारण समज होता. ऑक्टोबर १९१८ मध्ये ब्रिटिश युद्ध खात्याने तज्ञांची परिषद भरवून फायफर यांचा सूक्ष्मजंतू, न्यूमोकोकाय व स्ट्रेप्टोकोकाय यांची मिश्र लस सैनिकांसाठी निश्चित केली. विल्यम लीशमन यांनी प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत लस घेतलेल्या सैनिकांत रोगाचे प्रमाण न घेतलेल्यांच्या सुमारे एक-तृतीयांश आढळले. मृत्यूंतील फरक त्याहूनही मोठा होता.

परंतु रोगाचे मूळ कारण असलेला व्हायरस या लशीत नव्हताच. दुय्यम सूक्ष्मजंतूंमुळे होणाऱ्या फुप्फुसशोथास (न्यूमोनियास) तिने काही प्रमाणात आळा घातला असणे शक्य आहे. पण कित्येक तुकड्यांत लस टोचली गेली तेव्हा साथीचा जोर ओसरू लागला होता आणि लवकर आजारी पडणारे आधीच आजारी पडून गेले होते. लस न घेतलेल्यांच्या खात्यावर साथीचे सर्वांत वाईट दिवस जमा झाले व घेतलेल्यांच्या खात्यावर उतरते दिवस. संख्या मोठी असली तरी गट समतुल्य नसतील तर तुलना फसवी ठरते, हा पिअर्सन यांचा इशारा येथे खरा ठरला.

व्हायरसाची लस व १९४३ चे परीक्षण : १९३३ मध्ये लंडन येथे विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्रूझ व पॅट्रिक लेडलॉ यांनी फेरेट या प्राण्याच्या साहाय्याने मानवी इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस वेगळा केला. तो अंड्यातील भ्रूणात वाढविता येऊ लागल्यावर लस बनविणे शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धात १९१८ ची पुनरावृत्ती होईल या भीतीने अमेरिकी सैन्याने १९४१ मध्ये इन्फ्ल्यूएंझा आयोग नेमला. टॉमस फ्रान्सिस हे त्याचे प्रमुख होते व जोनास सॉल्क हे त्यांचे सहकारी. पुढे पोलिओच्या लशीमुळे ख्यातनाम झालेले सॉल्क ते हेच.

या आयोगाने १९४३ मध्ये विद्यापीठांतून शिक्षण घेणाऱ्या सु. १२,५०० सैनिकांवर परीक्षण केले. निम्म्यांना ए व बी या दोन्ही प्रकारांच्या व्हायरसांची मृत लस टोचली व निम्म्यांना व्हायरसरहित द्रव टोचला. थोड्याच आठवड्यांत ए प्रकाराची साथ आली. लस घेतलेल्यांत २·२ टक्के व न घेतलेल्यांत ७·१ टक्के सैनिक आजारी पडले. समतुल्य गटांची योजना आधीच केलेली असल्याने हा निष्कर्ष विश्वसनीय ठरला. १९४५ मध्ये अमेरिकेच्या सर्व सैन्यास लस देण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस बी प्रकाराची साथ आली, तेव्हा दोन विद्यापीठांतील लस घेतलेल्या भूदलाच्या विद्यार्थ्यांत रोगाचे प्रमाण सु. १ टक्का, तर लस न घेतलेल्या नौदलाच्या विद्यार्थ्यांत सु. १० टक्के आढळले.

यानंतर दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, हीच लस जवळजवळ निरुपयोगी ठरली. लस घेतलेल्यांत ७·२ टक्के व न घेतलेल्यांत ८·१ टक्के लोक आजारी पडले. लस बिघडलेली नव्हती. व्हायरसाच्या पृष्ठभागावरील प्रतिजनांत बदल झाला होता आणि जुन्या वाणाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे नव्यास ओळखेनाशी झाली होती. लशीच्या परिणामकारकतेचा आकडा केवळ तिच्या घडणीवर अवलंबून नसून त्या वर्षी फिरणाऱ्या वाणावरही अवलंबून असतो, हे यामुळे स्पष्ट झाले. जगभरच्या वाणांवर लक्ष ठेवणारी केंद्रे स्थापण्याच्या कार्यास याच अनुभवाने चालना मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ मध्ये अशा केंद्रांचे जाळे उभारले.

पूर्ण व विभाजित व्हायरसाच्या लशी : मृत लशीच्या उपप्रकारांतील फरक १९७६ मध्ये ठळकपणे पुढे आला. त्या वर्षीच्या जानेवारीत न्यू जर्सीमधील फोर्ट डिक्स या प्रशिक्षण केंद्रात डुकरांच्या इन्फ्ल्यूएंझाशी संबंधित व्हायरस नवसैनिकांत पसरला व एक सैनिक दगावला. १९१८ च्या स्मृतीमुळे अमेरिकेने देशव्यापी मोहीम हाती घेऊन चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली. तीपूर्वीच्या परीक्षणांत असे दिसले की, विभाजित व्हायरसाच्या लशीने ताप व वेदना कमी होतात. परंतु अशा व्हायरसाशी पूर्वी कधीच संबंध न आलेल्या तरुणांत तिच्या एका मात्रेने पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. पूर्ण व्हायरसाची लस त्यांच्यात अधिक प्रभावी ठरली, पण तिचा त्रासही अधिक होता. प्रौढांत मात्र हा फरक फारसा उरला नाही, कारण त्यांच्या शरीरास तत्सम व्हायरसाची जुनी ओळख होती. साथ फोर्ट डिक्सबाहेर पसरली नाही. लस घेतलेल्यांत दर लाखी सु. एक या प्रमाणात गीयँ-बारे लक्षणसमूह हा तंत्रिकांचा विकार अधिक आढळल्याने डिसेंबर १९७६ मध्ये मोहीम थांबविण्यात आली. रोगाचा प्रत्यक्ष धोका किती, हे लक्षात घेतल्यावाचून लशीचे मोल ठरविता येत नाही, हा या घटनेचा बोध होय.

मृत व जिवंत लशींची तुलना : जिवंत लशीचे प्रयोग १९३० नंतरच्या दशकात सोव्हिएट संघात अनातोली स्मोरोडिंट्सेव्ह यांनी सुरू केले. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या नाकात अशी लस फवारून पाहिली, परंतु तिला अपेक्षित यश आले नाही. मिशिगन विद्यापीठातील जॉन मासाब यांनी थंडीस सरावलेल्या व्हायरसावर केलेल्या दीर्घ संशोधनातून सिद्ध झालेल्या लशीस अमेरिकेत २००३ मध्ये परवाना मिळाला. सुई नको व फवारा सोपा, म्हणून सैन्याने ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. दोन्ही लशी एकाच सैन्यात शेजारीशेजारी वापरल्या गेल्याने तुलनेची संधी मिळाली.

२००४ ते २००७ या तीन हंगामांतील अमेरिकी सैनिकांच्या वैद्यकीय नोंदींची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. मृत लस घेतलेले सैनिक फुप्फुसशोथ व इन्फ्ल्यूएंझा यांसाठी वैद्यांकडे कमी वेळा गेले व जिवंत लशीचा लाभ त्यामानाने कमी, असे तीत आढळले. मात्र मागील वर्षांत लस न घेतलेल्या सैनिकांत दोन्ही लशींतील अंतर फारसे उरले नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका लष्करी पाहणीत नुकत्याच भरती झालेल्या सैनिकांत जिवंत लसच सरस ठरली.

वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या निष्कर्षांचा उलगडा लशीच्या कार्यपद्धतीतून होतो. जिवंत लशीतील व्हायरस नाकात वाढला तरच रोगप्रतिकारक्षमता निर्माण होते. वर्षानुवर्षे लस घेतलेल्या सैनिकाच्या नाकातील व रक्तातील जुनी प्रतिपिंडे त्याला वाढण्यापूर्वीच निष्प्रभ करतात. नवसैनिकात हा अडथळा कमी असतो. मृत लशीला वाढीची गरजच नसल्याने जुनी प्रतिपिंडे तिच्या आड तितकीशी येत नाहीत. नागरी परीक्षणेही याच दिशेने बोट दाखवितात. मिशिगनमधील निरोगी प्रौढांत २००७-०८ मध्ये मृत लशीची परिणामकारकता ६८ टक्के, तर जिवंत लशीची ३६ टक्के आढळली. याउलट २००४-०५ मध्ये पाच वर्षांखालील बालकांत जिवंत लस घेतलेल्यांना मृत लस घेतलेल्यांपेक्षा सु. ५५ टक्के कमी प्रमाणात रोग झाला.

कोणतीही लस पूर्ण संरक्षण देत नाही, हे युद्धनौकांवरील साथींवरून दिसून येते. १९९६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'आर्कॅन्सॉ' या नौकेवरील ९५ टक्के नाविकांनी लस घेतली होती. तरीही बदललेल्या वाणामुळे ४२ टक्के आजारी पडले. २०१४ मध्ये 'आर्डंट' या नौकेवरील १०२ जणांपैकी २५ जणांस फ्ल्यूसारखा आजार झाला. नौकेवरील ९९ टक्के लोकांना लस मिळालेली होती. पुढे २०१६-१७ व २०१७-१८ या हंगामांत जिवंत लस वापरू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या सल्लागार समितीने केली व २०१८-१९ पासून ती मागे घेतली. कोशिकासंवर्धनातील व अंड्यातील मृत लशींची २०१७-१८ मध्ये लष्कराशी संबंधित रुग्णांत केलेली तुलना लक्षणीय फरक दाखवू शकली नाही. २०१८ पासून अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका परीक्षणात अंड्यातील, कोशिकांतील व जननिक तंत्राच्या, अशा तीन लशींपैकी कोणास कोणती मिळावी हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने ठरविण्यात आले. पिअर्सन यांच्या १९०४ च्या सूचनेचेच हे विकसित रूप होय.

महाराष्ट्रातील कार्य : पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या व्हायरस संशोधन केंद्रास १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले. १९८० पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्यातील राष्ट्रीय इन्फ्ल्यूएंझा केंद्र आहे. २००९ च्या जागतिक साथीत देशातील पहिला मृत्यू ऑगस्ट महिन्यात पुण्यात झाला. २०१० मध्ये या साथीच्या व्हायरसाविरुद्ध दोन्ही वर्गांच्या लशी भारतातच तयार झाल्या. अहमदाबादच्या कंपनीने मृत लस, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने लेनिनग्राडच्या परंपरेतील व्हायरसापासून नाकात फवारण्याची जिवंत लस बनविली.

पुण्यातच तयार झालेल्या तीन वाणांच्या जिवंत लशीचे परीक्षण २०१३ मध्ये बांगला देश व सेनेगल येथील बालकांवर करण्यात आले. बांगला देशात तिची परिणामकारकता ५७·५ टक्के आढळली. सेनेगलमध्ये मात्र लस घेतलेल्या व न घेतलेल्या बालकांत फरक दिसला नाही. एकच लस, एकाच कारखान्यातील व जवळजवळ एकाच वेळी दिलेली, दोन देशांत असे भिन्न फळ देते, ही गोष्ट लष्करी परीक्षणांतून निघालेल्या निष्कर्षास पुष्टी देणारी आहे.

मूल्यमापन : लष्करी समूहांतील ऐंशी वर्षांच्या परीक्षणांतून 'सर्वोत्तम लस कोणती' या प्रश्नास एकच एक उत्तर मिळालेले नाही. लस घेणाऱ्याच्या शरीरास व्हायरसाची पूर्वओळख किती, त्या वर्षीचा वाण लशीतील वाणाशी किती जुळतो आणि तुलनेचे गट समतुल्य आहेत की नाहीत, या तीन गोष्टींवर उत्तर अवलंबून असते. पुनःपुन्हा लस घेतलेल्या प्रौढ सैनिकास मृत लस अधिक उपयोगी, तर पूर्वओळख नसलेल्यास जिवंत लस बरोबरीची वा काही वेळा सरस, एवढे म्हणता येते.

हे निष्कर्ष इतर समाजास लावताना सावधगिरी बाळगावी लागते. सैनिक तरुण, निवडक व निरोगी असतो. इन्फ्ल्यूएंझाचा सर्वाधिक धोका मात्र सामान्यतः वृद्ध, बालके, गर्भवती स्त्रिया व दीर्घकालीन आजारांचे रुग्ण यांना असतो आणि हे गट बराकीत नसतात. सैनिक आज्ञेने लस घेतो. नागरिकास मात्र समजावून त्याची संमती घ्यावी लागते. १९१८ मध्ये मुंबईत मृत्यूचे प्रमाण एका गटात दर हजारी ८ व दुसऱ्यात ६१ झाले, त्या वेळी व्हायरसाची लस कोणासही उपलब्ध नव्हती. तो फरक अन्न, निवारा व शुश्रूषा यांचा होता. म्हणून दोन लशींच्या परिणामकारकतेतील अंतर मोजणे आवश्यक असले, तरी ज्या दाट वस्त्यांत रोग सर्वाधिक बळी घेतो तेथपर्यंत यांपैकी कोणतीही एक लस वेळेवर पोहोचणे, हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते.